लठ्ठपणावरच्या बातमीला फोटो कोणता लावावा?

पुरवणी डेस्क: आरोग्य पुरवणीत लठ्ठपणावर अर्धं पान आहे. फोटो एजन्सीत शोधलं की मुंडकं उडवलेली पोटं, नाहीतर हातात बर्गर. चेहरा नसला की ओळख लपते, असं डेस्कवर म्हणतात. दुसरं काय लावता येईल?

छायासंपादक: ओळख लपत नाही. साडी, पिशवी, उभं राहण्याची ढब यावरून घरचे, शेजारचे ओळखतातच. रस्त्यावर नकळत टिपलेला फोटो वापरूच नका. कनेक्टिकट विद्यापीठाचं रड सेंटर आणि वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशन यांचे संग्रह मोफत आहेत, अटी तेवढ्या वाचून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे आपल्याच छायाचित्रकाराकडून काढून घ्या. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर हवा. खालून वाइड लेन्स लावली की पोट फुगून दिसतं. माणूस काहीतरी करत असू दे: भाजी घेताना, ऑफिसात. संमती लेखी घ्या. छपाई, वेबसाइट आणि पुढचा फेरवापर यांचा वेगवेगळा उल्लेख त्यात हवा, नाहीतर तोच फोटो दोन वर्षांनी हृदयविकाराच्या बातमीवर झळकतो. आणि फोटो आडवाच द्या. उभा दिला तर वेबसाइट तो आपोआप कापते आणि डोकं तिथेच उडतं.

आहारतज्ज्ञ: फोटो आणि आकडा जुळतात का, हेही बघा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण मर्यादा २५ आणि ३० आहे. १६५ सेंमी उंचीला २५ म्हणजे साधारण ६८ किलो. शेजारी दीडशे किलोच्या माणसाचा फोटो असला, की ६८ किलोवाल्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. आणि ज्याचं वजन खरंच जास्त आहे, तो ‘तुमचाच दोष’ हे ऐकायला नको म्हणून दवाखान्यात जाणं टाळतो. नुकसान दोघांचंही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला (२०१९-२१) महिलांचा २४ टक्के हा आकडा जागतिक मर्यादेनुसार, म्हणजे बीएमआय २५ पासून पुढे, जादा वजन आणि लठ्ठपणा मिळून आहे. ‘२४ टक्के महिला लठ्ठ’ असा मथळा नको. निकष बातमीतच द्या. कंबरेच्या घेराची मर्यादाही द्या: पुरुष ९० सेंमी, महिला ८०. टेप शेवटची बरगडी आणि कटीचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

पुरवणी डेस्क: धन्यवाद. ‘आधी-नंतर’ची जोडी लावली तर?

आहारतज्ज्ञ: शक्यतो नकोच. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या रिअॅलिटी शोच्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी तपासलं. अभ्यास २०१६ साली छापून आला. सरासरी ५८ किलो उतरवलेल्यांपैकी बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. इतक्या उलट्या ओढीपुढे ‘जिद्द कमी पडली’ हे लिहिणं अन्यायाचं आहे. जोडी लावायचीच झाली, तर दोन्ही फोटोंच्या तारखा, उपचार कोणता, औषध की शस्त्रक्रिया, आणि आजचं वजन हे सगळं फोटोओळीत छापा.