मदत हवी आहे: यलोनाइफमध्ये परसात मेथी लावू का?

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही यलोनाइफला आलोय, कॅनडाच्या पार उत्तरेला. इथल्या जायंट माइनमध्ये सोनं काढताना निघालेली २,३७,००० टन विषारी आर्सेनिकची धूळ जमिनीखाली साठवलीये, खाणीची कंपनी १९९९ ला बुडाली आणि निस्तरायचं सगळं सरकारच्या गळ्यात. आता म्हणे थर्मोसायफनच्या नळ्यांनी खालची उष्णता बाहेर काढून ती धूळ जागीच गोठवणार, आणि मग कायम गोठलेलीच ठेवायची, बापरे! काल लेक मूठभर बेरी घेऊन आली, बोटं जांभळी, मी आधी हात धुवायला पळवलं. कोणी कॅनडात घरची माती टेस्ट करून घेतलीये का, कुठे देतात, किती खोल खणून घ्यायची? का सरळ कुंड्यांत विकतची माती भरू?