कॉस्टिक लायच्या टाकीत वाफेची कॉइल नको

नाशिककडच्या थंडीत 50 टक्के कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं द्रावण) गोठते, म्हणून जुन्या एमएस (साध्या पोलादाच्या) टाकीत वाफेची कॉइल सोडा, असं काही जण सुचवतात. माझ्या मते मुळीच नको. ही लाय साधारण 12 अंशांना गोठू लागते. तिला 25-30 अंश पुरे. 3 बारची वाफ 140 अंशांच्या पुढे असते. कॉइलजवळचे वेल्ड तेवढे तापले की कॉस्टिक क्रॅकिंगला (गरम लाय आणि धातूतला ताण यांमुळे पोलादाला तडे जाणं) आमंत्रणच! टाकीवर नवं वेल्डिंगही करू नका, त्याचा ताण पत्र्यात राहतो आणि तडा तिथूनच जातो.

बाहेरून पट्ट्यांनी आवळायची पॅनेल बसवा, त्यांत 50 अंशांच्या आतलं गरम पाणी फिरवा, वरून रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारं खनिज लोकरीचं आवरण). क्लॅडिंग (त्यावरचा बाहेरचा पत्रा) ॲल्युमिनियमचं घेऊ नका (कंत्राटदार तेच गळ्यात मारणार). फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) गळला की लाय ॲल्युमिनियम खाते आणि हायड्रोजन सुटतो. स्टेनलेसचा पत्रा लावा.

बाकी, टाकीच्या आधी गोठतात आउटलेट व्हॉल्व्ह आणि पंपाची सक्शन लाइन (पंपाकडे लाय ओढणारा पाइप). बऱ्याचदा तेवढ्यालाच सेल्फ-रेग्युलेटिंग केबल (तापमानानुसार आपोआप कमी-जास्त तापणारी विजेची केबल) गुंडाळून भागतं. प्रोसेसला चालत असेल तर सरळ 20 टक्क्यांची लाय मागवा, ती शून्याखालीही वाहती राहते. टँकरचं भाडं तेवढं वाढेल.