अनुभव धागा : पुळणीवरच्या शेकोट्या, बंदी आणि नियम पाळण्या-पाळवण्याचे अनुभव

ओहोटी

परवा आमच्या वस्तीच्या सभेत पुळणीवरच्या शेकोट्यांवर सरसकट बंदी घालावी की नाही यावर अडीच तास चर्चा झाली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. घरी परतताना शेजारून गेलेल्या कुणाच्या तरी कपड्यांना लाकडाच्या धुराचा वास होता आणि १८ वर्षांपूर्वीची एक सकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली.

माझी मुलगी तेव्हा ४ वर्षांची होती. सूर्य नुकताच वर आला होता, वाळू गार होती आणि ती अनवाणी माझ्या पुढे धावत होती. एका जागी वाळू किंचित काळपट दिसत होती, एवढीच खूण. आदल्या रात्री कुणीतरी तिथे शेकोटी केली होती आणि ती विझवली असे मनापासून समजून तिच्यावर वाळू लोटून ते लोक निघून गेले होते. मुलीचे दोन्ही तळवे भाजले. वाळूखाली निखारा भडकत नाही, पण विझतही नाही. वरची वाळू पांघरुणासारखी धग धरून ठेवते आणि कित्येक तासांनंतरही आत कातडी भाजेल इतकी उष्णता राहते, हे मला त्या दिवशी दवाखान्यात कळले.

सभेत मला हे नीट सांगता आले नाही, कारण बोलताना आवाज भरून आला. म्हणून इथे लिहिते आहे. तुमचे अनुभव बंदीच्या बाजूचे असोत की विरोधातले, कृपया लिहा. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवण्याचा माझा विचार आहे.

करकोचा

वाचून पोटात गोळा आला. आता तिच्या पायांना काही त्रास होतो का? आणि तुम्ही तेव्हा लगेच काय केले होते, तेही लिहा, म्हणजे इतरांच्या उपयोगी पडेल.

ओहोटी

@करकोचा, डाव्या तळव्यावर व्रण आहे, त्रास नाही. तेव्हा मी घाबरून तिचे पाय ओल्या वाळूत दाबले आणि ती चूक होती, कारण जखमेत वाळूचे कण गेले. भाजलेली जागा ताबडतोब नळाच्या साध्या, गार पाण्याच्या धारेखाली सलग २० मिनिटे धरायची असते. बर्फ, टूथपेस्ट किंवा तूप यांपैकी काहीही लावू नये.

जुना पहारेकरी

मी सलग तीन उन्हाळे किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून रात्रीची गस्त घातली आहे, त्यामुळे अंमलबजावणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे नियम होता आणि तो चांगलाही होता : रात्री १० नंतर आग नको, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या गवताजवळ आग नको आणि निघताना आग पाण्याने विझवा. परंतु हा नियम लिहिलेला फलक एकाच, मुख्य वाटेवर होता आणि पुळणीवर उतरायला वाटा पाच होत्या. उरलेल्या चार वाटांनी आलेल्या माणसाला नियम आहे हेच ठाऊक नसायचे. रात्री ११ वाजता त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले की त्याला तो अपमान वाटायचा आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता.

दुसऱ्या वर्षी आम्ही वेळ बदलली. सूर्यास्ताच्या सुमारास, काडी ओढली जाण्याच्या आधीच, आम्ही प्रत्येक घोळक्याजवळ जायचो, नियम तोंडाने सांगायचो आणि पाण्याने भरलेली बादली तिथे ठेवून यायचो. सकाळी बहुतेक बादल्या रिकाम्या आणि राख ओली सापडायची. तिसऱ्या वर्षी दंड सुरू झाला. त्यात मला सलणारी गोष्ट अशी की, पावत्या फाटल्या त्या दिव्यांजवळ बसलेल्या लहान कुटुंबांच्या नावाने, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचणे सोपे होते. लांबच्या टोकाला मोठे ओंडके जाळणाऱ्या टोळक्यांकडे अंधारात एकट्या माणसाने जाणे सुरक्षित नव्हते आणि म्हणून कुणी गेले नाही. बंदी घालणार असाल तर त्या टोकापर्यंत रात्री दोघांनी मिळून कोण जाणार, हे आधी ठरवा.

सांजवेळ

माझे मत वेगळे आहे आणि ते मी पूर्ण आदराने मांडते. आम्ही पाच जण दोन खोल्यांत राहायचो. अंगण नव्हते, गच्ची नव्हती. माझ्या आजोबांचे दिसणे जवळजवळ गेले होते, तरी शेकोटीची ऊब आणि तिचा आवाज यांवरून त्यांना आपण कुठे बसलो आहोत हे कळायचे आणि तिथे ते जितके बोलायचे तितके घरात कधी बोलले नाहीत. ज्यांच्या घरामागे मोकळी जागा आहे त्यांना पुळणीवरची आग हा चैनीचा प्रकार वाटणे शक्य आहे. आमच्याकडे तेवढी एकच जागा होती.

कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीच आणि कोरोना डेल मार इथे हाच वाद अनेक वर्षे चालला. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना धूर नको होता आणि लांबून येणाऱ्यांना आपली हक्काची जागा जाऊ द्यायची नव्हती. २०१३ मध्ये तिथल्या हवा-नियंत्रण मंडळाने सगळी अग्निकुंडे उखडण्याऐवजी ती घरांपासून ७०० फूट लांब असावीत, आणि तेवढे अंतर नसेल तर कुंडांमध्ये आपसात ठरावीक अंतर असावे, असा नियम केला. दोन्ही बाजू नाराज राहिल्या असतील, पण कुणाचीच संध्याकाळ पूर्णपणे हिरावली गेली नाही.

बंद खिडकी

सांजवेळताई, तुमच्या आजोबांबद्दल वाचून भरून आले. तरीही धुराच्या बाजूने दोन शब्द लिहायलाच हवेत. माझ्या आईला दमा आहे. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहणारा वारा रात्री पडतो आणि हवा स्थिर असली की धूर वर न जाता जमिनीलगत पसरून राहतो. एकाच वेळी दहा-बारा शेकोट्या असतील तर गल्लीच्या दिव्याभोवती तो डोळ्यांनी दिसतो. लाकडाच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. उन्हाळ्यातल्या सर्वांत उकाड्याच्या रात्री आमच्या घराच्या खिडक्या बंद असतात. आम्ही कुणाकडे कधी तक्रार केली नाही, कारण आनंदात बसलेल्या माणसांना उठवणे जिवावर येते.

रंधा

सुतारकाम करतो, म्हणून फक्त लाकडाबद्दल. लोक मालवाहतुकीची पॅलेट्स जाळतात. लाकूड जळते, खिळे वाळूत राहतात, गंजतात आणि पुढच्या हंगामात कुणाच्या तरी पायात जातात; मी एकदा चुंबक घेऊन फिरलो तेव्हा एका जुन्या राखेच्या ढिगाऱ्यातून अर्धी बादली खिळे निघाले. हिरवट छटेचे, वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेले लाकूड तर कधीच जाळू नये, कारण अशा पुष्कळशा जुन्या लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते आणि आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. समुद्रातून वाहून आलेले ओंडकेही जागच्या जागी असू द्यावेत. त्यांच्या आडोशाला वाळू साठते आणि टेकड्या टिकतात.

शिंपली

कासवांचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहिते. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत उबतात आणि पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात. समुद्रावरचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते, त्या उजेडाकडे जायचे एवढेच त्यांना ठाऊक असते. मी घरट्यांवर लक्ष ठेवण्याच्या कामात होते, त्या एका रात्री वरच्या अंगाला शेकोटी पेटलेली होती. पहाटे आम्ही वाळूवरच्या रेघा मोजल्या. अकरा रेघा समुद्राकडे न जाता आगीच्या दिशेने गेल्या होत्या. सहा पिल्ले आम्हाला गवतात जिवंत सापडली.

तिथे बसलेली मुले महाविद्यालयातली होती. पहाटे आम्ही त्यांना बोलावून त्या रेघा दाखवल्या, तेव्हा त्यांतली एक मुलगी रडू लागली आणि पुढचे दोन हंगाम ती आमच्याबरोबर रात्री जागली. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, विणीच्या हंगामात घरट्यांच्या पट्ट्यात आग पूर्णपणे बंद असावी आणि त्या पट्ट्याला दोरी बांधलेली असावी, म्हणजे अंधारातही हाताला कळेल.

करकोचा

@शिंपली, उरलेली पाच?

शिंपली

सापडली नाहीत. आम्ही ऊन चढेपर्यंत शोधत होतो.

जुना पहारेकरी

दोरीची कल्पना उत्तम आहे. आम्ही फलकांवर सगळा भर दिला आणि रात्री फलक वाचता येत नाहीत हे लक्षातच आले नाही.

भरतीरेषा

सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर मार्च ते ऑक्टोबर या काळात, ठरावीक पट्ट्यात आणि तिथे बसवलेल्या कुंडांमध्येच आग करता येते. हवा खराब असल्याचे जाहीर झालेल्या दिवशी तीही नाही. कार्मेल या छोट्या किनारी गावाने लाकूड आणि कोळसा बंद करून वायूवर चालणाऱ्या शेगड्यांना तेवढी मोकळीक दिली. वायूची आग बंद केली की निखारा मागे राहत नाही आणि धूरही जवळजवळ नसतो. सांजवेळताईंच्या आजोबांना लाकडाचा तडतड आवाज त्यात मिळाला नसता, हे मला मान्य आहे.

सांजवेळ

आवाज मिळाला नसता, हे खरे. पण ऊब मिळाली असती आणि ओहोटीताईंच्या मुलीचे पाय वाचले असते. माझा विरोध सरसकट बंदीला आहे, पाण्याच्या बादलीला नाही. पहारेकरीकाका, अशा बादल्या भरण्याचे काम कुणी करायचे?

जुना पहारेकरी

आम्ही दोघे-तिघे समुद्राचेच पाणी भरायचो. ओल्या राखेत हात घालण्याआधी तळहात तिच्यावर अलगद धरून ऊब जाणवते का ते पाहायचो. जाणवली तर आणखी एक बादली. एका शेकोटीला कधी चार लागायच्या.

ओहोटी

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला हा धागा दाखवला. बैठकीत वाचून दाखवण्याचे काम ती स्वतः करणार आहे, असे तिने आत्ताच सांगितले. पहारेकरीकाका, बैठकीच्या आधी आमच्या पुळणीवर उतरणाऱ्या वाटा मोजायला आम्ही दोघी उद्या सकाळी निघतो आहोत. माझ्या आठवणीत त्या तीन आहेत, ती म्हणते आहे सहा.