अनुभव धागा: बँकेने गुपचूप कापलेले पैसे

कडक भाकरी, जुळे सोलापूर

मागच्या भाऊबीजेला दादाने 5,000 पाठवले, चुकून माझ्या जुन्या खात्यावर. पुण्यात नोकरीला होते तेव्हाचं ते पगाराचं खातं. सोलापूरला परत आले, शाळेत लागले, नवीन खातं उघडलं आणि ते विसरून गेले. मोबाइलवर '5,000 जमा' आलं. चहा गाळून येईपर्यंत दुसरा मेसेज, '3,540 नावे'.

दुसऱ्या दिवशी शाखेत. म्हणाले, पगार यायचा थांबला की ते साधं बचत खातं होतं, मग महिन्याला सरासरी 10,000 ठेवावे लागतात. सहा महिन्यांचे 500 प्रमाणे 3,000, वर 18 टक्के जीएसटी. खात्यात काहीच नव्हतं, म्हणून चार्ज दबा धरून बसला होता. दादाला अजून सांगितलेलं नाही.

तुम्हाला कुठे बसलाय असा फटका? आकड्यांसकट लिहा. 'बँका लुटतात' एवढंच नको, ते पाठ आहे.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी

ताई, तुमचं 3,540 वर भागलं. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने ठरवलेल्या लिमिटपर्यंत उचलायचं कर्जखातं) खातंवाल्याचं दुखणं वेगळं असतं.

माझी लिमिट 20 लाखांची. लोकांना वाटतं 20 लाख म्हणजे 20 लाख उचलता येतात. तसं नसतंय. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येणी-देणी यांचा तक्ता द्यायचा, त्यावर बँक डीपी (प्रत्यक्ष किती उचलता येईल तो आकडा) काढते, तेवढंच वापरायचं. माझा हिशोब असा: सूत आणि तयार माल मिळून 12 लाख, त्यातले 2 लाख सूतवाल्याचे द्यायचे, म्हणजे धरायचे 10. येणी 18 लाख. एकूण 28, त्यातून 25 टक्के मार्जिन, म्हणजे आपण घालायचा हिस्सा, गेलं की 21. म्हणजे पूर्ण 20 वापरायला मोकळा.

आता गंमत बघा. बाहेरच्या एका पार्टीने 10 लाख अडकवले. 'अगले हफ्ते, अगले हफ्ते' करत 90 दिवस उलटले. नव्वद दिवसांपुढची येणी बँक धरत नाही. 18 ची झाली 8. एकूण 18, मार्जिन वजा जाता डीपी साडेतेरा. आणि मी 16 वापरून बसलेलो. एका रात्रीत अडीच लाखांनी ओव्हर! लूम तेच, माल तोच, कामगार तेच, फक्त कागदावरची तारीख पुढे सरकली.

सूतवाल्याला दिलेला 85,000 चा चेक त्याच आठवड्यात लागला आणि परत गेला. बँकेचा रिटर्न चार्ज, ओव्हर रकमेवर जादा आकारणी, स्टेटमेंट चार दिवस उशिरा दिलं त्याचा दंड वेगळा. पैशापेक्षा सूतवाल्याचा फोन जास्त लागला. वीस वर्षांचा व्यवहार, त्याने आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाला, 'मालक, चेक टाकायच्या आधी एक फोन करायचा होता की.'

तेव्हापासून स्टेटमेंट 5 तारखेच्या आत, आणि 60 दिवस झालेल्या येण्याला लाल पेन.

माजी कॅशियर, होटगी रोड

तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, म्हणून दोन शब्द. पहिला राग काउंटरवरच्या पोरावर काढू नका. चार्ज तो लावत नाही, रात्री सिस्टीम लावते. तो फक्त तुमचं तोंड बघायला बसलेला असतो.

कडक भाकरीताई, तुमच्या बाबतीत मात्र विचारण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2015 पासून लागू. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, भरून काढायला महिना द्यायचा, मगच दंड. दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. तुम्हाला कळवलं कधी, कोणत्या नंबरवर, हे लेखी मागा. तोंडी विचारलं की 'सिस्टीमने केलंय' हेच उत्तर मिळतं. लेखी अर्ज, पोच शिक्का. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी काही नाही. माहितीसाठी 14448 नंबर आहे.

अजून एक. सरासरी 10,000 म्हणजे रोज 10,000 नाही. तीस दिवसांच्या महिन्यात एकच दिवस 3 लाख ठेवून दुसऱ्या दिवशी काढून घेतले तरी सरासरी भरते. आमच्याकडचे एक आडते हेच करायचे. आम्ही हसायचो, पण नियमात बसतंय.

साखर पेठ

पासबुकात दर तीन महिन्यांनी 17.70 दिसतात, ते काय?

माजी कॅशियर

मेसेजचे 15, वर जीएसटी. पैसे कापल्याचं कळवायचे पैसे.

घरकुलकर, कुंभारी

अम्मा विड्या वळते. मजुरी खात्यावर येते, आठवी-नववी तारीख होते. गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता 2,150, तारीख 3. ज्याने फॉर्म भरला त्याला तारीख काय टाकली याचं सोयरसुतक नव्हतं, अम्माने अंगठा दिला.

3 तारखेला हप्ता लागला, खात्यात 900. परत. बँकेचे 295. 5 ला पुन्हा लागला, पुन्हा परत, पुन्हा 295. रविवारी तिसऱ्यांदा. मला वाटायचं रविवारी बँक बंद म्हणजे सुटलो, पण 1 ऑगस्ट 2021 पासून हे हप्ते सुट्टीलाही लागतात. एकूण 885, वर कर्जवाल्यांचे 500 वेगळे. दोन्हीकडून. हे मला कळलंच नाही. अम्मा म्हणायची, 'मजुरी कमी आली रे', मी म्हणायचो पानं खराब निघाली असतील. विड्या बाद होतात, त्यात काय नवल. चार महिन्यांनी पासबुक छापून आणलं. अख्खं पान त्याच एका ओळीचं. अम्मासमोर मोबाइलवर बेरीज केली. तिने सुपातला हात थांबवला नाही, आकडा ऐकून एवढंच विचारलं, 'हे किती हजार विड्यांचे?'

मी हिशोब केला होता. सांगितला नाही.

टॉवेलवाला

भावा, तारीख बदलता येते. कर्जवाल्याकडे अर्ज द्या, नवीन मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) भरून घ्या. नवीन चालू होईपर्यंत 2 तारखेलाच खात्यात हप्त्याचे पैसे टाका, हातउसने घेऊन का होईना.

मोहोळचा कांदा

आम्हाला चेक परत गेला की चेक घेणाऱ्यालाही चार्ज बसतो हे दोन वर्षांपूर्वी कळलं. माल माझा, गाडीभाडं माझं, हमाली माझी, व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे नाहीत आणि कापले माझ्याही खात्यातून! 2023 च्या फेब्रुवारीत सोलापुरात 512 किलो कांद्याचा 2 रुपयांचा चेक मिळाला होता, देशभर गाजला. तो परत गेला असता तर त्या शेतकऱ्याला काय कापलं असतं, याचा विचार करून हसू येतं, मग येत नाही.

हल्ली 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक त्याच दिवशी, काही तासांत पास होतात. आम्हाला बरं. पण चेक देणाऱ्याने 'उद्या संध्याकाळपर्यंत भरू' हे विसरावं.

नवी पेठेतली वहिनी

सगळे रडगाणंच गाताय, एक चांगलं सांगते. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला 80,000 हवे होते. हे म्हणाले 3 लाखांची एफडी मोडू. मी मोडू दिली नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढे उचलले. एफडीला 7 टक्के, ओव्हरड्राफ्टला 8. व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरले तेवढेच दिवस. चाळीस दिवसांत भरून टाकले, व्याज 701 रुपये. एफडी जागच्या जागी. यांना वाटलं मी कुठून तरी व्याजाने आणले.

कडक भाकरी

सांगायचं राहिलं. कॅशियरकाकांनी सांगितलं तसा अर्ज दिला. अठराव्या दिवशी 1,770 परत आले, म्हणजे तीन महिन्यांचे. बाकीच्या तीन महिन्यांचे मेसेज म्हणे माझ्या आत्ताच्या नंबरवर आले होते. शोधले. होते. कर्जाच्या जाहिराती आणि ओटीपींच्या मध्ये, न उघडलेले. खातं बंद करून टाकलं.

घरकुलकर

तारीख बदलली. दोन महिने दमवलं त्यांनी, पण आता 12 आहे. काल पहिला हप्ता नीट गेला. मोबाइल वाजला तशी अम्मा घाबरून म्हणाली, 'परत गेला का?' वाचून दाखवलं. नाही गेला. नुसते 17.70 कापलेत.