मॅन्ड्रेक: नाव कुठून आलं, आणि नागपुरात जगेल का?

धरमपेठकर:
मॅन्ड्रेकचं, म्हणजे माणसासारख्या मुळाच्या त्या विषारी झाडाचं, बी मिळतंय. नावाचा आपल्या मंदाराशी काही संबंध आहे का? आणि इथल्या उन्हात मूळ टिकतं का?

शब्दमूळ:
मंदाराशी संबंध नाही. मंदार म्हणजे रुई, तिचं कुळ वेगळं. मॅन्ड्रेक धोतऱ्याच्या कुळातला. ग्रीक नाव मान्द्रागोरास. ते थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पती-अभ्यासकाच्या लेखनात सापडतं. त्याआधीचं मूळ पक्कं ठरलेलं नाही. फारसीत याला 'मर्दुम-गियाह', म्हणजे माणूस-वनस्पती, म्हणतात, त्यावरून काहींनी तर्क लढवलेत. इंग्रजांनी शेपूट तोडून 'मॅन' आणि 'ड्रेक' (जुन्या इंग्रजीत ड्रॅगन) असं वळण दिलं. फ्रेंचांनी तर मान्द्रागोरचं 'मॅं द ग्लोआर', म्हणजे 'कीर्तीचा हात' केलं! आपल्याकडे पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती शोधतात ना, तसं युरोपात ब्रायोनी नावाच्या वेलीची मुळं माणसासारखी कोरून मॅन्ड्रेक म्हणून विकत.

कुंडीवाला:
जमिनीत लावूच नका. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते नि मूळ सडतं. उन्हाळ्यात भेगाळते नि मूळ तुटतं. मूळ खोल जातं, म्हणून कुंडी निदान दीड फूट खोल हवी. एक भाग माती, एक भाग कन्हान नदीची जाड वाळू, एक भाग बारीक गिट्टी.

बी दोन आठवडे फ्रीजमध्ये पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. ऑक्टोबरअखेरीस अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला महिनेही लागतात, कुंडी उपसू नका. शरदात फुलणारी जात मिळाली तर तीच घ्या, आपल्या हिवाळ्याशी तिचं चक्र जुळतं.

ऊन तापलं की पानं पिवळी पडून गळतात. झाड मेलं समजून लोक बदाबदा पाणी घालतात आणि तिथेच घात होतो. ते झोपलेलं असतं. मग कुंडी सावलीत, उत्तरेच्या भिंतीलगत; पंधरवड्यातून एकदा कडेने थोडं पाणी.

धरमपेठकर:
पावसाळ्यात ताडपत्री टाकून चालेल?

कुंडीवाला:
खाली वाफ कोंडते. पत्र्याच्या छपराखाली, विटांवर ठेवा, बाजू मोकळ्या हव्यात. आणि उन्हाळ्यात कूलर गळतो तिथे तर मुळीच नको.

शब्दमूळ:
मुळांत नि पानांत हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही विषारी द्रव्यं असतात. तोंड कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, धडधड, भ्रम ही विषबाधेची लक्षणं. थेट दवाखाना गाठा. कुंडी बदलताना हातमोजे घाला. काढा, चूर्ण असलं काही करू नका, आणि पोरं-जनावरं पोहोचतील अशा ठिकाणी कुंडी नको.