‘काय दिवे लावलेस!’ : वक्रोक्ती, व्याजोक्ती की नुसता उपरोध?

प्रश्न : ‘वा, काय दिवे लावलेस!’ यात अलंकार कोणता? एकीकडे वक्रोक्ती वाचलं, दुसरीकडे व्याजोक्ती. कुणी व्याजस्तुतीही म्हणतं. की सगळं एकच?

– एकच नाही. व्याजोक्ती तर आधी बाजूला काढा. तिथे खरं कारण लपवून भलतंच पुढे केलेलं असतं. रडून डोळे लाल झालेत, पण विचारलं की ‘कचरा गेला’. समोरच्याला खरं कळू नये हीच तिथे धडपड. ‘दिवे लावलेस’ म्हणणाऱ्याला मात्र ते कळायलाच हवं, नाहीतर टोमणा फुकट. व्याजस्तुती त्यापेक्षा जवळची : निंदेच्या आडून स्तुती किंवा स्तुतीच्या आडून निंदा. दुसऱ्या प्रकारात हे दिवे बसवता येतील. (‘व्याज’ म्हणजे इथे बहाणा. ‘निर्व्याज प्रेम’ हे निष्कपट असतं, बिनव्याजी नव्हे!)

– पण वाकडं बोलणं म्हणजेच वक्रोक्ती ना?

– शब्दाची फोड तशीच होते. घोळ असा, की हा शब्द दोन मापांनी वापरला जातो. संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने वक्रोक्तीला काव्याचा प्राणच मानलं. त्याच्या ग्रंथाचं नावच ‘वक्रोक्तिजीवित’. त्या मापाने बरी म्हणावी अशी कुठलीही ओळ वक्रोक्तीत येईल. अलंकार म्हणून मात्र अर्थ अरुंद आहे : एकाने एका अर्थाने बोलायचं आणि दुसऱ्याने ते मुद्दाम वेगळ्याच अर्थाने घ्यायचं, श्लेषाने (एकाच शब्दाच्या दोन अर्थांनी) किंवा काकूने. काकू म्हणजे आवाजाचा हेल, चुलत्याची बायको नव्हे. थोडक्यात, वक्रोक्तीत अर्थ ऐकणारा वाकवतो. दिव्यांच्या वाक्यात बोलणाऱ्याने तो आधीच वाकवून दिलेला असतो.

– मग ‘उपरोध’ म्हणून मोकळं व्हावं?

– मी तरी तेच म्हणेन. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा. मराठीत तो बोचऱ्या बोलण्याला चिकटला. अलंकारापेक्षा ते सुराचं नाव आहे. आतली यंत्रणा हवी असेल तर ‘विपरीत लक्षणा’ : सरळ अर्थ प्रसंगात बसत नाही, म्हणून उलटा घ्यायचा. ११व्या शतकातल्या काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त याचा झकास नमुना आहे. अपकार करणाऱ्यालाच कुणी म्हणतो, फार उपकार केलेस, काय सांगावं, तुझी सज्जनता जाहीर झाली. मित्रा, असाच वागत शंभर वर्षं सुखात राहा! आपलं ‘उपकारच केलेस की’ याच घराण्यातलं.

– बोलताना हेल असतो. लिहिताना काय?

– लिहिताना मराठी तो हेल शब्दांत मुरवते. ‘तू शहाणा आहेस’ ही शाबासकी. ‘शहाणाच आहेस’ म्हटलं की त्या एका ‘च’ने शंका येते. ‘मोठा आला शहाणा’मध्ये तर विशेषण पुढे पळालंय, क्रियापद मध्ये घुसलंय, हे कौतुक म्हणून वाचायची सोयच उरत नाही. ‘म्हणे’ही असाच : ‘तो अभ्यास करतो म्हणे’. अर्थात हा साधी ऐकीव बातमीही सांगतो, तेव्हा मागचंपुढचं वाचावंच लागतं.

– आणि नुसतं ‘शाबास’ लिहिलं तर?

– त्याच्या आधी काय फुटलं, ते सांगा.