चाल लावायची आहे, पण गाणं ऐकायचं कसं तेच कळेना (सूर, ताल, कॉर्ड सगळा घोळ)

विश्रामबाग_वाला
नमस्कार मंडळी, सांगलीत असतो, बाबांची जुनी पेटी घरात आहे, त्यावर आरत्या आणि थोडीफार भजनं वाजवतो, एवढंच भांडवल. कविता करायची खोड आहे आणि आता वाटतंय की त्यांना चालीपण आपणच लावाव्यात. यूट्यूबवर शोधलं तर एकजण म्हणतो मेलडी, हार्मनी, रिदम, टिंबर, डायनॅमिक्स असं सगळं एकेक करून शिका, दुसरा म्हणतो आधी दहा थाट (रागांचे मूळ स्वरसंच) पाठ करा मग तोंड उघडा. दोन्ही बघून डोकं भणभणलं. क्लास लावायला वेळ नाही. मला इतकंच सांगा की गाणं ऐकताना नक्की कशाकडे कान द्यायचा, आणि दुसरं म्हणजे मी काहीही चाल लावली तरी ती शेवटी आरतीसारखीच का वाजते??

भजनी_ठेका (तासगाव)
भावा थाट राहू दे बाजूला. एकच गाणं घे आणि पहिल्यांदा फक्त तबला ऐक, शब्द सूर सगळं सोडून दे. लय म्हणजे चाल किती जलद किंवा सावकाश आहे ते, आणि ताल म्हणजे त्या लयीत ठरावीक मात्रांचं (ठोक्यांचं) चक्र फिरतं ते. आपल्याकडची निम्मी गाणी केरव्यात (८) नाहीतर दादऱ्यात (६) सापडतील. मोजता येत नसेल तर डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतला डावा, घुमणारा) कान ठेव. त्रितालात १६ मात्रा, टाळी १, ५ आणि १३ ला, नवव्याला खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात. धा धिं धिं धा चाललेलं असतं आणि खालीत येतं धा तिं तिं ता, म्हणजे डग्ग्याचा घुमारा मधेच गायब होतो. तो गेला की समजायचं अर्धं आवर्तन (चक्र) झालं. हे एकदा कानाला कळलं की सम (चक्राची पहिली मात्रा) कुठं येणार ते आधीच जाणवायला लागतं.

आता तुझ्या आरतीचं. आरतीत बहुतेक ओळ समेवरच सुरू होते आणि तुझा हात तिथंच बसलाय. मुखडा (ओळीची सुरुवात) समेच्या आधी दोन-तीन मात्रा उचलून बघ आणि ओळीतला जो वजनदार शब्द असेल तो समेवर आण, रंगच बदलतो. कवितेला चाल लावायच्या आधी ती टाळी वाजवत मोठ्यानं वाचायची. मोठा अभंग बघ, अक्षरं ६-६-६-४. भजनी ठेका ८ मात्रांचा. एका चरणाला एक आवर्तन असा साधा हिशोब धरला तर सहा अक्षरांना दोन मात्रा ओढायला मिळतात आणि शेवटच्या चार अक्षरांना चार, म्हणून चौथा चरण आपोआप सावकाश टेकतो. ही जागा छंदातच ठेवलेली आहे, चाल लावणाऱ्यानं ती ओळखायची फक्त. तुझी कविता मुक्तछंदात असेल तर मात्र अवघड आहे राव, पहिल्या प्रयत्नाला ते घेऊ नको.

मिरज_जवारी
ठेक्याचं बरोबर आहे, पण सा पक्का नसेल तर सगळं हवेत. आधी स्वतःची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरायचा ते, शोधा. काळी एक, पांढरी दोन, जिथं खालचा पंचम (प) आणि वरचा सा दोन्ही ओढाताण न होता लागतात ती तुमची पट्टी. दुसऱ्याच्या पट्टीत चाल करू नका, अंतऱ्यात वर गेलं की घसा बसतो.

सांगलीतच आहात तर एखाद्या रविवारी मिरजेत सतारमेकर गल्लीत या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेपरात वाचलं असेल. तिथं कारागीर जवारी (तारेची झणझण) काढताना बघा. तार टेकते त्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो केसभर पुढंमागं सरकवला की तीच तार आधी मुकी वाजते आणि एका जागी आली की एकदम झणझणायला लागते. सूर तोच, उंची तीच, आवाजाचा पोत तेवढा बदलला. तुमचा यूट्यूबवाला टिंबर म्हणतो ते हेच, आणि ते व्हिडिओत नाही कळत. चांगला जुळलेला तानपुरा असेल तर गंधाराची (ग) तार नाही तरी खर्जातून (खालच्या सा च्या तारेतून) गंधार ऐकू येतो, डोळे मिटून शोधा.

सुरांचं म्हणाल तर सप्तकात बारा स्वर, सात शुद्ध, रे ग ध नी कोमल आणि मध्यम तीव्र, हे पेटीवर दहा मिनिटांत बसतं. खरी गंमत पुढं आहे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपात गंधारावर राहायचं, देशकारात धैवतावर (ध). एक रात्रीचा, एक सकाळचा. पेटीच्या पट्ट्या त्याच दाबताय पण मुक्काम कुठं करताय त्यावर राग ठरतो. चाल लावणाऱ्यानं यातून घ्यायचं ते एवढंच, की प्रत्येक ओळ सा वर आणून टेकवायची सक्ती नाही. तुम्ही तेच करत असणार.

सातारी_कीबोर्ड
सगळं मान्य पण हार्मनीचं, म्हणजे चालीखाली कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरायचं, कोणीच बोललं नाही 😄 भूपाचीच चाल घे. डाव्या हातानं सा-ग-प धरून वाजव, मोकळी वाटेल. मग तीच चाल, एक सूरही न बदलता, खाली ध-सा-ग धरून वाजव. उदास होते. दोन्ही कॉर्डचे सूर भूपातलेच आहेत त्यामुळं कुठं खटकत पण नाही. फक्त सवयीनं प-नी-रे लावलीस तर निषाद (नी) आत येतो, भूपात तो नाहीच, मग चालीचा वास बदलतो. मी लॅपटॉपवर ट्रॅक करतो, पब्लिकला रडवायचं निम्मं काम डावा हातच करतो.

मिरज_जवारी
हेच मला पटत नाही. रागातल्या चालीला खाली सारखं काहीतरी बदलत राहिलं की मुक्कामाचा स्वर हलतो. आणि मालकंस रागात काय करणार? पंचमच नाही, आम्ही तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावतो. तिथं तुमची सा-ग-प कुठं बसवणार?

सातारी_कीबोर्ड
काका मग म-ध-सा धरायची की, धैवत कोमल. मध्यमाची मायनर (उदास कॉर्ड) झाली, एक पण परका सूर नाही. तुमचा तानपुरा पण मध्यमातच आहे ना 😉

मिरज_जवारी
बसते, नाही म्हणत नाही. पण त्या चालीला गरज होती का हा प्रश्न उरतोच. ह्यांनी आधी नुसत्या सा-प वर चाल उभी करावी, कॉर्डचं मग बघू.

विश्रामबाग_वाला
आभारी आहे सगळ्यांचा. एका ओळीचा मुखडा समेच्या आधी उचलून बघितला, आणि शेवट सा ऐवजी गंधारावर सोडला, आई म्हणाली हे कुणाचं गाणं आहे 😂 पण सकाळी उठलो तर अर्धी चाल विसरलो. लिहून कशी ठेवायची?

भजनी_ठेका (तासगाव)
भातखंडे पद्धत शीक, तासाभरात येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारसप्तकाला (वरच्या) वर टिंब. समेला × आणि खालीला ०. आधी मात्रांचे रकाने आखून घे, शब्द नंतर भर, नाहीतर ओढलेल्या मात्रा कागदावर सापडत नाहीत. घाई असेल तेव्हा मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण गायच्या आधी पेटीवर सा वाजवून पट्टी तोंडानं बोल, आणि हातानं टेबलावर ठेका धर.